भागीरथीबाईच्या मागची बाई

१

पितृपक्षाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, रामघाटावरच्या आमच्या काशीवास सदनातून एक मेलेली बाई चोरीला गेल्याचं उघडकीला आलं.

चोरीला गेलं ते तिचं नाव. पण जिच्या मागे कोणी नाही तिचं नावच तेवढं उरतं, तेव्हा मी तरी त्याला चोरीच म्हणते.

मी प्रभावती मोघे. वय सदुसष्ट. चौतीस वर्षं इथल्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि कुणाचं निमूट ऐकून घेणं मला जमलेलं नाही. सदनाच्या कमिटीवर मी आहे, कारण बाकीच्या चौघांना बैठकीत झोप लागते.

महाराष्ट्रातून म्हातारी माणसं काशीत मरायला येतात. ज्यांना भाड्याची खोली परवडत नाही ती आमच्याकडे राहतात. मेल्यावर त्यांचं नाव, गाव आणि तिथी वहीत लिहायची आणि दर पितृपक्षात सगळी नावं घाटावर वाचून पाणी द्यायचं, असा साठ वर्षांचा नेम. एखाद्याच्या पुतण्या-भाच्यानं गयेला जाऊन श्राद्ध केलं आणि तसं पत्र पाठवलं की त्याचं नाव यादीतून काढायचं. त्याची सोय झाली, आता आमचं काम नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पुरात वही भिजली, पुढे वाळवी लागली. म्हणून गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, सगळी नावं कंप्युटरवर चढवली. प्रोग्राम लिहिला आमच्या गल्लीतल्या निमिषनं. तो विद्यापीठात कंप्युटर शिकतो आणि लहानपणी माझ्याकडे गणिताला यायचा. जावा नावाची कसली नवी भाषा तो शिकला होता. त्याचं काम मी जातीनं तपासलं. एकाच कामाला दोन-दोन फेऱ्या मारायची त्याची जुनी खोड, तीही मोडून काढली. मग वही गंगेत सोडली. मेलेल्यांची नावं लिहिलेले कागद रद्दीत देत नाहीत, प्रवाहातच सोडतात. नावेत मी स्वतः बसले होते.

तर त्या दिवशी भुसावळहून कस्तुरी आली. चाळिशीची, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. सदनाच्या ओसरीवर चप्पल काढून ती सरळ मुद्द्यावर आली.

"माझी आई इथे वारली. एकसष्ट साली. मी दोन वर्षांची होते. काशीयात्रेला आलेल्या एका जोडप्यानं मला इथून नेलं आणि वाढवलं. कागद नाही, सही नाही. ती आई परवाच्या आषाढात गेली, जाताना म्हणाली, तुझी खरी आई सावखेड्याची विधवा होती, तुला घेऊन सदनात आसऱ्याला आली होती. नाव तिला आठवलं नाही."

"गावात विचारलंस?" मी म्हटलं.

"गाव धरणात गेलं, मावशी. माणसं कुठे कुठे पांगली. आता ते नाव फक्त तुमच्याकडे असणार. मला तिला एकदा नावानं पाणी द्यायचंय. बाकी मला काही नको."

ऑफिसात आमचे व्यवस्थापक शरद आठवले बसतात. त्यांनी यादीचा गठ्ठा काढला आणि सावखेड्याचं पान उघडलं. पाच नावं होती. साल एकोणीसशे एकोणसाठ, चौसष्ट, अडुसष्ट, सत्तर, एक्क्याऐंशी. एकसष्ट नव्हतं.

"नोंद केलीच नसेल," शरद म्हणाले.

मी गठ्ठ्याचं शेवटचं पान उलटलं. शेवटच्या नावापुढे आकडा होता अठराशे नऊ. शरदच्या टेबलावर त्यांची डायरी उघडीच होती आणि तिच्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'एकूण नावं अठराशे शेहेचाळीस.'

म्हणजे एकटी कस्तुरीची आई नव्हे, सदतीस माणसं नाहीशी झाली होती.

२

कस्तुरीला मी आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि शरदना पकडलं.

शरद आठवले रेल्वेतून रिटायर झालेले. माणूस टापटिपीचा, पण भिडस्त इतका की भिंतीवरच्या पालीलासुद्धा 'जरा सरकता का' म्हणतील.

"हा अठराशे शेहेचाळीस कुठून आला?"

"सुरुवातीला अठराशे अठ्ठ्याण्णव नावं चढवली, प्रभाताई. नंतर गयेची पत्रं आली बावन्न. प्रत्येक पत्राला मी डायरीतून एक वजा करतो. बावन्न गेले."

"आणि कंप्युटरमधून?"

"मी फक्त त्या नावापुढे खूण करतो. महिन्याच्या शेवटी 'साफसफाई' म्हणून एक बटण आहे, ते दाबतो. कंप्युटर सगळी यादी फिरून येतो, खूण असलेली नावं गाळतो, उरलेली नवीन फ्लॉपीवर लिहितो. मी दुसरं काही केलं असेल तर गंगामाई बघून घेईल."

"कुणी तक्रार केली होती याआधी?"

त्यांचा चेहरा पडला. ड्रॉवरमधून त्यांनी दोन पत्रं काढली. एक वाईचं, एक अमरावतीचं. दोघांचंही म्हणणं एकच, की आमच्या आत्याचं नाव मागे यादीत होतं, आता तुमच्या नव्या यादीत ते नाही असं कळतं.

"हे तुम्ही मला दाखवलं नाहीत."

"तुम्ही रागावला असता."

रागावले असतेच. आत्ताही रागावले. पण रागावून नाव परत येणार नव्हतं, म्हणून मी गयेच्या पत्रांची फाइल मागून घेतली आणि ओसरीत बसून बावन्नच्या बावन्न पत्रं वाचली. वाईच्या त्या आत्याच्याच गावातल्या एका म्हाताऱ्याची गया माघात झाली होती. अमरावतीकडच्या त्या आत्याच्या गावातल्या एका बाईची चैत्रात. मग मी सावखेडं शोधलं. फाल्गुनात एक पत्र आलं होतं: भागीरथीबाई, राहणार सावखेडे, मृत्यू एकोणीसशे साठ, पुतण्यानं गयाश्राद्ध केलं.

तीन गावं, आणि तिन्ही ठिकाणी एकाची गया झाली की त्याच गावचं दुसरं माणूस गायब. कोणीतरी एकाच्या पत्रावर दोघांना काढत होतं.

आणि गयेच्या पुरोहितांशी ज्याची नेहमीची ऊठबस आहे असा माणूस आमच्याकडे एकच होता.

३

वेणीमाधव गुरुजी मला संकठा घाटाच्या पायऱ्यांवर सापडले. धोतर वाळत घालत होते. वय पंचेचाळीस, आवाज खणखणीत आणि कंप्युटरवर राग. सदनाची नावं घाटावर तेच वाचतात.

"गुरुजी, नावं कमी झालीत हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"आलं होतं," ते शांतपणे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलू, ताई? तुमच्या यंत्राशी? मी त्या बैठकीत सांगितलं होतं, वही ठेवा. तुम्ही म्हणालात, वाळवीची पैदास कशाला. आता वाचताना कुठे अडखळायला होतं. जिभेला वळण असतं ना, एक नाव झालं की पुढचं येतं. तिथे खड्डा लागतो."

हा माणूस तीन वर्षं वहीतून वाचत होता. "म्हणजे तुम्हाला नावं आठवतात? सावखेड्याची, भागीरथीबाईच्या पुढची?"

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. खालून एक होडी भाविकांना घेऊन मणिकर्णिकेकडे गेली, तिचा आवाज विरला, तरी त्यांचे ओठ हलतच होते.

"भागीरथीबाई," ते म्हणाले. "मग खड्डा. मग यमुनाबाई."

"प्रयत्न करा."

"ताई, मी मंत्र पाठ केलेत. नावं वाचली. माझ्या आधी वाचणाऱ्या ढुंढिराज गुरुजींना सगळी नावं तोंडपाठ होती, पण ते गेले शहाण्णवला. मला खड्डा तेवढा आठवतो, त्यात काय होतं ते नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्हाला वाटतंय मी काढली. नावं कमी झाली तर माझी दक्षिणा कमी होत नाही आणि वेळ वाचतो, असं तुमच्या मनात आलं असेल."

आलं होतं. मी नाही म्हटलं नाही.

"मला ते बटण कुठे आहे हेही ठाऊक नाही," ते म्हणाले. "आणि मी खोटं बोलत असेन तर ज्या पाण्यात उभा राहून रोज मंत्र सांगतो त्याच पाण्यात मला जागा मिळू नये."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. भागीरथी, खड्डा, यमुना. भागीरथीबाई साठ सालची, यमुनाबाई चौसष्टची, मधे एकसष्ट. कस्तुरीची आई वहीत होती, हे आता नक्की झालं. ती भागीरथीबाईच्या अगदी मागे होती. आणि गायब झाली ती भागीरथीबाईंना काढल्यावर.

पण मग काढणारा उरला कोण?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निमिषला बोलावलं. तो उंच, बारीक, आणि माझ्यासमोर अजूनही आठवीतल्यासारखा उभा राहतो.

"मामला काय आहे, प्रभामावशी?"

"तुझा प्रोग्राम माणसं खातो. कसा चालतो ते मला पहिल्यापासून सांग. मी काही समजत नाही असं धरून सांग."

तो कंप्युटरसमोर बसला. "नावं ठेवायला एकशे एक खण केलेत. गावाच्या नावातल्या अक्षरांचे आकडे मिळवायचे, एकशे एकनं भागायचं, बाकी जी उरेल त्या नंबरच्या खणात ते नाव टाकायचं. म्हणजे शोधताना सगळीकडे हिंडायला नको, थेट त्याच खणात हात घालायचा. याला हॅश टेबल म्हणतात. जावात तयार मिळतं, पण मला एका गावची माणसं एकत्र हवी होती, पुरोहितांच्या वहीत असतात तशी. म्हणून मी स्वतःचं केलं. एका खणातली नावं एकामागे एक ओवलेली. वहीतल्याच क्रमानं."

"सावखेड्याच्या खणात दुसरं गाव आहे?"

त्यानं बघितलं. "नाही. तेवढंच."

"आणि सगळी यादी वाचायची असेल तर?"

"त्यासाठी इटरेटर. मी त्याला फेरीवाला म्हणतो. तो पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत एकेका नावाशी जातो. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या: पुढे कोणी आहे का, आणि असेल तर पुढचा दे. आत खण किती, ओवलंय कसं, हे बाहेरच्याला कळायची गरज नाही."

"आणि साफसफाई?"

"तोच फेरीवाला. खूण असेल तर नाव काढतो, नसेल तर फ्लॉपीवर लिहितो."

मी गळ्यातली जपमाळ काढली आणि टेबलावर ठेवली. "ही माळ म्हणजे सावखेड्याचा खण. हा मणी भागीरथीबाई. तुझा फेरीवाला इथे आला, खूण बघितली. आता काय करतो, बोटानं करून दाखव."

निमिषनं भागीरथीबाईचा मणी बाजूला धरला. मागचा मणी सरकून त्याच्या बोटाखाली आला. "मग फेरीवाला म्हणतो, इथलं काम झालं, पुढचा दे," असं म्हणत त्यानं बोट पुढच्या मण्यावर नेलं आणि तिथेच थांबला.

सरकून आलेला मणी बोटाखालून तसाच निघून गेला होता. त्याला कुणी बघितलं नाही, त्याच्यापुढे खूण आहे का हे विचारलं नाही आणि फ्लॉपीवर लिहिलं नाही. यमुनाबाईपासून पुढे सगळं सुरळीत.

"बावन्न काढले," मी म्हटलं. "सदतीस हरवले. बाकीच्या पंधरांच्या मागे त्या खणात कोणी नव्हतंच, ते आपापल्या खणात शेवटचे असणार."

त्यानं डायरी, यादी आणि पत्रं ताडून बघितली. त्याला अर्धा तास लागला. पंधराच निघाले.

कोणी चोर नव्हता. रहस्य सुटलं होतं. मला वाटलं आता या पोराला अस्सं फैलावर घ्यावं की जन्मभर लक्षात राहील. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो खालच्या मानेनं म्हणाला, "मावशी, मी हे असं लिहिलं नव्हतं."

५

त्यानं घरून त्याची वही आणली. निळ्या शाईत, तारखेसकट, साफसफाईचा पहिला आराखडा होता. पहिल्या फेरीत फेरीवाल्यानं फक्त बघायचं आणि काढायच्या नावांची वेगळी यादी करायची. फेरी संपली की त्या यादीतलं एकेक नाव टेबलातून काढायचं. मग दुसरी फेरी आणि फ्लॉपीवर लेखन. चालत्या फेरीत कुणाला हात लावायचा नाही.

त्या पानावर लाल शाईत दोन आडव्या रेघा होत्या आणि खाली माझं अक्षर. 'दोन फेऱ्या कशाला? एकीत होतं. बिजली जाते.'

माझं अक्षर मी चौतीस वर्षं हजारो वह्यांवर बघितलंय, ओळखायला चष्मा लागत नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस, की हे चुकेल?"

"मला तेव्हा कळलंच नव्हतं. एवढंच वाटलं होतं की आधीचं बरं आहे." त्यानं वही मिटली. "आणि तुम्ही म्हणालात म्हटल्यावर."

हे त्यानं टोचून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यानं ते अगदी सरळ सांगितलं. मी म्हटल्यावर शरद गप्प बसले, मी म्हटल्यावर वेणीमाधव गप्प बसले, मी म्हटल्यावर वही गंगेत गेली, आणि मी म्हटल्यावर या मुलानं बरोबर लिहिलेलं खोडलं. मी चोर शोधत गावभर हिंडत होते आणि चोर माझ्याच चपला घालून हिंडत होता.

"पहिली फ्लॉपी," मी म्हटलं. "साफसफाई सुरू व्हायच्या आधीची. ती कुठे आहे?"

निमिष ताडकन उठला. "तीन फ्लॉप्या आलटून पालटून वापरतो, त्यांच्यावर नवीनच लिहिलं गेलं. पण सगळी नावं चढवून झाली त्या दिवशी मी एक वेगळी केली होती. शरदकाकांना दिली होती, जपून ठेवा म्हणून."

शरद लगबगीनं आत गेले. कस्तुरी आतल्या खोलीतून दारात येऊन उभी राहिली. कालपासून तिनं एकदाही 'झालं का' असं विचारलं नव्हतं. आत्ताही विचारलं नाही, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी तिला म्हटलं, "बस, मिळतंय." का म्हटलं मी तसं?

शरद परत आले ते हातात रेशमी खणाची घडी घेऊन. "सांगितल्याप्रमाणे जपली," ते म्हणाले. "देवघरातच ठेवली. मागच्या खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर तिचीही पूजा केली."

घडी उघडली. फ्लॉपीवर हळदीकुंकू होतं. नुसतं वरून वाहिलेलं नव्हतं. पत्र्याची झडप सरकवून आतल्या काळ्या चकतीवर त्यांनी गंध लावलं होतं, फूल वाहिलं होतं आणि गंगाजल शिंपडलं होतं. मुख्य वस्तू आत आहे असं निमिष म्हणाला होता ना, मग पूजा आतल्या वस्तूची करायला हवी.

निमिषनं ती कापसानं पुसली, फुंकली, उन्हात धरली, मग कंप्युटरमध्ये सरकवली. खरखर झाली. पुन्हा खरखर. त्यानं अकरा वेळा प्रयत्न केला. दुपारी तो ती विद्यापीठात घेऊन गेला आणि संध्याकाळी परत घेऊन आला.

"पुसताना वरचा थरच निघून आलाय," तो म्हणाला.

शरद खांबाला टेकून लहान मुलासारखे रडले. त्यांना समजवायला मला तोंड नव्हतं.

६

सर्वपित्रीपर्यंत आम्ही जे करता येईल ते केलं. निमिषनं फेरीवाला दुरुस्त केला. आता नाव काढलं की तो तिथेच थांबतो, सरकून आलेल्याला आधी बघतो आणि मगच पुढे जातो. या वेळी त्यात मी काहीही बदलायला लावलं नाही, म्हणजे मी बघितलंच नाही. पुरोहितांकडे, जुन्या नावाड्यांकडे, मणिकर्णिकेच्या लाकडाच्या वखारींत, सगळीकडे विचारून झालं. एकसष्ट सालच्या एका परगावच्या विधवेचं नाव कुणाच्या लक्षात राहणार? कस्तुरीनं रजा वाढवली. ती सदनातल्या म्हाताऱ्यांची ड्रेसिंगं करायची आणि जेवताना माझ्या शेजारी बसायची.

तिला मी सांगितलं नव्हतं. 'शोध चाललाय' एवढंच म्हणत आले होते.

अमावास्येला सकाळी रामघाटावर वेणीमाधव कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. तर्पण ते करणार होते, कस्तुरीनं मागच्या पायरीवर बसून त्यांना तीळ द्यायचे होते. तिनं नवं लुगडं आणलं होतं, हिरवं, आईला म्हणून. ते तिच्या मांडीवर होतं.

"गोत्र?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, त्याला हरकत नाही." ओंजळीत पाणी घेऊन ते माझ्याकडे बघायला लागले. "नाव?"

कस्तुरीनंही माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ही म्हातारी आत्ता पदराखालून नाव काढून देईल. आणि खरं सांगते, माझ्या जिभेवर एक नाव आलं होतं. राधाबाई. सावखेड्याला एखादी राधाबाई असणारच. कुणी तपासणार नव्हतं, तपासायला काही शिल्लकच नव्हतं. पण आयुष्यभर मुलींना सांगत आले होते की उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाजे आकडा लिहू नका.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. खण, मणी, लाल शाई, वही मी स्वतः प्रवाहात सोडली ते, आणि फ्लॉपीचं. तुझी आई कितव्या खणात होती ते मला ठाऊक आहे, कुणाच्या मागे आणि कुणाच्या पुढे होती ते ठाऊक आहे, ती यादीतून कुठल्या महिन्यात गेली तेही सांगता येईल. नाव तेवढं नाही. ते माझ्यामुळे गेलं.

ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान उठून जाईल. तिनं लुगड्याची घडी नीट केली.

"एवढा शोध लावलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. "कुठलंही एक नाव सांगायचं होतंत ना, मावशी. मला काय कळलं असतं? मी घरी जाऊन रोज त्या नावानं दिवा लावला असता."

वेणीमाधव ओंजळीत पाणी धरून नावासाठी थांबले होते, आणि ते बोटांमधून गळत होतं.